कॉस्टिकच्या टाकीचा सांधा: वाळूजच्या शेडमधल्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

शेड उघडायच्या आतच मामांची हाक. "भाऊ, टाकी परत गळायलीय. पन्हळीच्या खालून."

मामा म्हणजे आमचे फिटर. गेवराईकडचे. गळती दिसायच्या आधी त्यांना वासाने कळते, असं दादा म्हणतो. आज मात्र डोळ्यांनीच दिसत होतं. पन्हळीखाली सांध्याच्या रेषेवर पांढरी मिशी फुटली होती आणि दोन ठिकाणी ओघळ जमिनीपर्यंत आलेले. कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, बाहेर झिरपलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा असा पांढरा कार्बोनेट जमतो.

कोणती टाकी ते लिहून ठेवतो, पुढे नवा माणूस हे वाचेल. पावडर कोटिंगमध्ये माल हुकाला टांगून भट्टीतून जातो, तेव्हा मालाबरोबर हुकावरही पावडर भाजली जाते. चार-पाच फेऱ्यांत थर इतका चढतो की हुकाचं अर्थिंग तुटतं आणि मालावर पावडर धरत नाही. मग ते हुक गरम कॉस्टिकमध्ये बुडवून सोलायचे. टाकी साध्या पोलादाच्या ५ मिमी पत्र्याची, १५०० × ८०० × ९०० मिमी. आत साधारण ९०० लिटर पाणी आणि कॉस्टिक फ्लेक्सची दोन पोती, म्हणजे १०० किलो. तीव्रता १० टक्क्यांच्या आसपास, तापमान ८५ ते ९०. सुटलेली पावडर सायीसारखी वर तरंगते. ती वाहून गाळणीत पडावी म्हणून एका लांब बाजूला पन्हळ बसवली आहे, पत्र्यावर पत्रा ठेवून बोल्टने. तोच सांधा गळतोय. नोव्हेंबरात मीच लाल सिलिकॉनने भरला होता.

४ मार्च

मामांचं म्हणणं, वेल्ड मारून टाकू, कटकट मिटेल. मी नको म्हणालो. पहिली पन्हळ वेल्डचीच होती. दोन वर्षांत वेल्डच्या शेजारी केसासारख्या भेगा पडल्या, ग्राइंड करून पुन्हा वेल्ड मारलं तर भेग चार बोटं पुढे सरकली. कॉस्टिक गरम असेल आणि वेल्डमधला ताण उष्णतेने काढलेला नसेल तर पोलाद असं आतून तडकतं. जुन्या काळी बॉयलरच्या रिव्हेटच्या फटीत हेच व्हायचं: फटीत पाणी शिरून आटायचं, मागे सोडा दाटत जायचा आणि चांगल्या जाडीचा पत्रा तडकायचा. आमच्या टाकीत १० टक्के असलं तरी फटीत अडकून आटलेलं कॉस्टिक १० टक्के राहत नाही, हे विसरायचं नाही.

म्हणजे सांधा बोल्टचाच ठेवायचा. भार बोल्ट घेतील, फट कशाने तरी भरायची. कशाने, एवढाच प्रश्न.

६ मार्च

टाकी रिकामी केली. सिलिकॉन काढायला पटाशी लागेल असं वाटलं होतं, पण ते बोटानेच निघालं. बाहेरून चांगलं रबर, आतली कॉस्टिककडची बाजू मात्र ओल्या साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत. पत्र्याला एक कणही चिकटलेला नव्हता.

ट्यूब शोधून पाहिली. ठळक अक्षरात ३०० अंश. खोटं काही नाही. पण ते ३०० अंश कोरड्या हवेतले. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचा असतो. नुसत्या उष्णतेला ती साखळी दाद देत नाही, गरम अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखं द्रव्य, मात्र तिची कडी न् कडी उकलते. थंड कॉस्टिकचे शिंतोडे सहन करील, ३०० अंशांची कोरडी भट्टीही सहन करील. दोन्ही एकदम आले की संपलं. नोव्हेंबरात मी उष्णतेची ओळ वाचून ट्यूब विकत घेतली, रसायनाची वाचलीच नाही.

आणखी एक पाप कबूल करून टाकतो. त्याच आठवड्यात पॅनेलवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडायला लागले होते. कॉम्प्रेसरचं तेल असेल म्हणून फिल्टर बदलले, पावडरचा लॉट बदलला, पुरवठादाराशी भांडलो. गुन्हेगार बहुधा हीच ट्यूब. पावडर असो की ओला रंग, सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर आला की वरचा थर तिथून मागे सरकतो. रंगाच्या शेडमध्ये सिलिकॉन आणायचंच नसतं, हे शिकाऊ पोरांना मी स्वतः सांगतो. पुरवठादाराला आज फोन करून माफी मागितली. तो नुसता हसला.

१० मार्च, सोमवार

शहरात जाऊन तीन दुकानं फिरलो. प्रत्येक गल्ल्यावर एक शास्त्रज्ञ बसलेला.

एकाने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं चिकटवण, दिलं, 'गाड्यांच्या काचा यानेच चिकटवतात' म्हणून. चिकटतं झकास, पण बहुतेक पीयूची मर्यादा ८० ते ९० अंश, म्हणजे आमचं चालू तापमान हीच त्याची शेवटची पायरी. वर गरम अल्कली. तरी चाचणीसाठी एक नळकांडं घेतलं. दुसऱ्याने भट्टीचं सिमेंट काढलं: "हजार अंश, साहेब." ते सोडियम सिलिकेटचं असतं, अल्कलीत विरघळतं. कॉस्टिकच्या टाकीला ते लावणं म्हणजे चहात साखरेचं बूच मारणं. तिसरा व्हिटन रबराची गॅस्केट घ्याच म्हणून मागे लागला, कारण महाग आहे. व्हिटन तेलाला आणि आम्लाला उत्तम, पण साध्या ग्रेडचं व्हिटन गरम कॉस्टिकमध्ये कडक होऊन तडकतं. तिथे त्याच्यापेक्षा स्वस्त ईपीडीएम रबर सरस ठरतं. फक्त ईपीडीएमला तेल लागू द्यायचं नाही.

हीटर टाकीला बोल्टने जिथे बसतो त्या फ्लॅन्जचा प्रश्न मात्र तिथल्या तिथे सुटला. हीटर वर्षातून दोनदा काढावा लागतो, तिथे चिकटवायचं काही कामाचं नाही. ईपीडीएमची गॅस्केट, बस्स.

पन्हळीलाही तसंच करा, असं मामा म्हणाले. करून पाहिलं असतं, पण पत्रा पोळून पोळून वाकलाय. फीलर गेज घातला तर फट कुठे पाव मिमी, कुठे दोन मिमी. टेफ्लॉनची दोरी घालावी तर तिला कोणतंही रसायन खात नाही, पण सततच्या दाबाखाली ती हळूहळू पसरते आणि बोल्ट ढिले पडतात. पाच मिमीचा पत्रा तेवढा दाब टिकवूनही धरत नाही.

१२ मार्च

आज उत्तर सापडलं, आणि ते चार वर्षं डोळ्यांसमोर होतं.

रिकाम्या टाकीशेजारी मामांचा 'हट्टी' डबा असतो. कितीही बुडवले तरी न सुटणारे हुक त्यात पडतात, मग मामा शिव्या घालत हातोडीने थर फोडतात. आज सहज रजिस्टर काढून पाहिलं, ते हुक कोणत्या कामाचे. सगळे एकाच गिऱ्हाइकाचे. त्याला बाहेरच्या पॅनेलसारखी पॉलिएस्टर पावडर नको असते, आतल्या भागांसाठी निव्वळ इपॉक्सी लागते.

परभणीला असतात त्या आमच्या कॉलेजच्या सरांना फोन केला. वय ७४, आवाज तसाच खणखणीत. "अरे, तू रोज साबण करतोस आणि मला विचारतोस?" म्हणाले. पॉलिएस्टर म्हणजे एस्टरच्या गाठींची साखळी. तेलातल्या एस्टरवर कॉस्टिक पडलं की साबण होतो, तसंच तुझ्या टाकीत पावडरचं होतं. इपॉक्सीत मुख्य गाठी ईथरच्या. त्या कॉस्टिकला भीक घालत नाहीत. "तुझी टाकी जे सोलत नाही, त्यानेच टाकी बंद कर."

मी लगेच म्हटलं, मग उद्याच इपॉक्सी लावतो. सर म्हणाले, थांब. हुकावरची इपॉक्सी भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजलेली आहे, तू ट्यूब पिळून हवेवर वाळवणार. दोन्ही एक नव्हेत. हवेवर वाळलेल्या इपॉक्सीचं जाळं अर्धवट विणलेलं असतं, ५०-६० अंश झाले की ती काचेची चामडी होते. टाकी ९० ची. पुन्हा हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा दुसरा भाग, पाहून घे. अमाइनचा हवा. अ‍ॅनहायड्राइडचा घेतलास तर जुळताना पुन्हा एस्टरच्याच गाठी पडतील. आणि भरणीला काय घातलंय तेही विचार. सिलिकाची पूड असेल तर गरम कॉस्टिक तीही खातं. ग्रॅफाइट किंवा कोळशाची भरणी माग.

वीस मिनिटांत एवढं. फोन ठेवताना विचारलं, "लग्न केलंस का रे?" मुलगी दहावीला आहे, हे सांगायचं राहून गेलं.

१५ मार्च

चाचणीच्या पट्ट्या केल्या. टाकीच्याच जातीचा पत्रा, २५ × १०० मिमी, दोन पट्ट्या एकमेकींवर १२ मिमी चढवून चिकटवलेल्या. सहा तऱ्हा:

लाल सिलिकॉन, पीयू, पाच मिनिटांत धरणारी इपॉक्सी, सावकाश धरणारी साधी इपॉक्सी न भाजता, तीच भाजून, आणि नोव्होलॅक इपॉक्सी भाजून. नोव्होलॅकमध्ये एका रेणूला जास्त हात असतात, जाळं दाट होतं, उष्णता जास्त पेलते. साध्या भाजलेल्या इपॉक्सीचे दोन पोटभेद केले, एकात सिलिकाची भरणी, दुसऱ्यात ग्रॅफाइट. भाजायला आपली भट्टी आहेच, मालाबरोबर कोपऱ्यात टांगल्या.

सिलिकॉनच्या पट्ट्या शेडबाहेर वेगळ्या भांड्यात ठेवायच्या ठरल्या. पोराला म्हटलं, घरून जुनं पातेलं आण. त्याने जर्मलचं आणलं. कॉस्टिक ओतल्याबरोबर फसफसून उकळायला लागलं, तो घाबरून वाकून बघायला निघाला, मामांनी कॉलर धरून मागे ओढला. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सोडतं, शेजारी बिडी पेटवणारा कोणी असता तर वेगळीच नोंद लिहावी लागली असती. चष्मा, हातमोजे, तोंडावरचा पडदा: उद्यापासून फक्त बघायला उभं राहणाऱ्यालाही सक्तीचे. स्टीलचा डबा मी माझ्या घरून आणला. लोणच्याचा होता. घरी अजून सांगितलेलं नाही.

बाकीच्या पट्ट्या खऱ्या टाकीतच. पन्हळीकडची बाजू तात्पुरती आवळून पातळी खाली ठेवली आहे.

२१ मार्च

काल नाथषष्ठी. अर्धी माणसं पैठणला, शेड बंद. टाकी मात्र चालू ठेवली होती, पट्ट्यांचे दिवस मोजायचे आहेत म्हणून.

सहा दिवसांचा हिशेब. पाच मिनिटांवाली पहिल्याच रात्री गेली, सकाळी दोन्ही पट्ट्या तळाशी वेगवेगळ्या. पीयू चौथ्या दिवशी कडेने तपकिरी आणि पिचपिचीत, हाताने सोलली. सिलिकॉनची कड आज उचललेली दिसली. न भाजलेली इपॉक्सी गंमतशीर निघाली. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून पाचर ठोकली तर हलत नाही, पण टाकीतून काढून लगेच, गरम असताना ठोकली तर लोण्यातून सुरी जावी तशी सरकते. आपण नेहमी थंड झाल्यावर तपासतो आणि पास करतो. टाकी थंड असताना कुठे काम करते?

२ एप्रिल

काल रात्री हीटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला. थर्मोस्टॅटने सांगितलं बंद हो, हा बंद होईना. वॉचमनचा फोन आला तोवर टाकी खदखदत होती, शेडमध्ये घसा कापणारी वाफ. मेन पाडून, सगळी दारं उघडून अर्धा तास बाहेर उभे राहिलो. कॉन्टॅक्टर बदलला, वर वेगळा जास्त-तापमानाचा कटऑफ लावला. हा आधीच असायला हवा होता.

पण या भानगडीने निवड सोपी केली. अठरा दिवस आणि वर ही उकळी. साधी भाजलेली इपॉक्सी गरम असताना पाचरीखाली थोडी सरकली. त्यातली सिलिकावाली कडेने खडूसारखी झालेली, नखाने पूड निघते. ग्रॅफाइटवालीची कड शाबूत. नोव्होलॅक गरम असतानाही जागची हलली नाही, शेवटी पट्टीच वाकली.

दादाला सांगितलं, नोव्होलॅक, ग्रॅफाइट भरणीची. त्याने किंमत विचारली, मी सांगितली, तो चष्मा काढून पुसत बसला. "लाल ट्यूब किती होती?" मी म्हटलं, लाल ट्यूब, अधिक नोव्हेंबरातली नापास पॅनेलं. त्याने सही केली.

८ एप्रिल

सगळ्यात कंटाळवाणं काम: धुणं. सांध्याच्या खड्ड्यांत कॉस्टिक दडून बसतं. गरम पाण्याने तीनदा, मध्ये फॉस्फरिकचं सौम्य पाणी, पुन्हा पाणी. पीएच कागद ओल्या पत्र्यावर दाबून सात येईपर्यंत. मग ८० नंबरच्या फ्लॅप व्हीलने पांढरा लख्ख पत्रा, अ‍ॅसिटोन, नवी सुती चिंधी. जिथे सिलिकॉन होतं तिथे दुप्पट रुंदीत घासलं, कारण त्याचा पातळ थर दिसत नाही आणि त्यावर इपॉक्सीही धरत नाही.

जुने बोल्ट काढले तर नऊ बोल्टांच्या डोक्यावरचं जस्त गायब. गॅल्व्हनाइज्ड बसवले होते कोणीतरी. (मीच.) जस्तही अ‍ॅल्युमिनियमसारखंच कॉस्टिकमध्ये विरघळतं. आता ३०४ स्टेनलेस स्टीलचे.

वरच्या वाफेच्या हूडचा सांधाही यातच उरका, असं मामा म्हणाले. तो पीपीचा, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा आहे. पीपीला इपॉक्सी धरतच नाही, आणि धरली तरी दीड मीटरचं पीपी ६०-६५ अंशांनी तापलं की सेंटीमीटरभर वाढतं, पोलाद मात्र जेमतेम सव्वा मिमी. ताठ चिकटवण तिथे तडकणारच. लांबट भोकं पाडली, मध्ये ईपीडीएमची पट्टी, हूड हवा तसा सरकू दे. पन्हळ आणि टाकी दोन्ही पोलाद, एकाच पाण्याने तापतात, बरोबरच वाढतात. म्हणून तिथे ताठ इपॉक्सी चालते.

१२ एप्रिल, शनिवार

पहाटे साडेपाचला सुरुवात. डब्यावर काम करायची मुदत ४० मिनिटं लिहिली आहे, पण २५ अंशांना. दुपारी शेडमध्ये ४१ असतं, तेव्हा पंधरा मिनिटंही मिळाली नसती. ढोबळमानाने दर १० अंशांना मुदत निम्मी होते. शिवाय मोठ्या डब्यात कालवलं की स्वतःच्याच उष्णतेने लवकर धरतं, म्हणून पावपाव किलोचे चार घाणे, किराणाच्या डिजिटल काट्यावर तोलून. अंदाजाने हार्डनर जास्त टाकला तर लवकर वाळेल, हा समज पोरांच्या डोक्यातून काढायला दहा मिनिटं गेली.

दोन्ही बाजूंना लेप. मध्ये एक मिमी तारेचे तुकडे अंतरासाठी, नाहीतर बोल्ट आवळताना सगळा मसाला बाहेर येतो आणि सांध्यात नुसता पत्र्याला पत्रा उरतो. बोल्ट मधून कडेकडे, आधी हलके. बोल्टच्या भोकांतही मसाला भरला, मागच्या वेळी अर्धी गळती तिथूनच होती. पावणेसातला काम संपलं. हातमोजे असूनही एकाच्या मनगटावर हार्डनर लागला. साबण-पाण्याने धुतला, अ‍ॅसिटोनने पुसू दिला नाही.

१३ एप्रिल

टाकी भाजली. इन्सुलेशन, हीटर, सेन्सर सगळं उतरवून, ट्रॉलीवर चढवून सरळ आपल्याच भट्टीत. अडीचशे किलोचं धूड आत जाताना दादा म्हणाला, रोज टाकी हुक सोलते, आज टाकीलाच हुकाची पाळी. ६०, ९० आणि १२० अंशांवर दोन-दोन तास. एकदम १२० ला नेलं असतं तर मसाला धरायच्या आधी पातळ होऊन ओघळला असता. भट्टी बंद करून तशीच थंड होऊ दिली. उद्या सुट्टी, भीमजयंती.

१६ एप्रिल

टाकी भरली. आधी पाणी, मग थोडे थोडे फ्लेक्स, कधीही उलटं नाही. नुसत्या विरघळण्याने पाणी ३१ वरून ५७ अंशांवर गेलं, हीटर चालू न करता. ८८ ला स्थिर. रात्री दहापर्यंत थांबलो. कोरडी.

३० एप्रिल

कोरडी. बाकी नोंदवण्यासारखं काही नाही. घरी लोणच्याच्या डब्याचा विषय निघाला.

१७ जून

पहिले दोन पाऊस झालेत. दमट हवेत पांढरी मिशी विरघळून दिसत नाही, म्हणून लॅबमधल्या ताईंनी युक्ती काढली. टाकीची तीव्रता तपासायला फिनॉल्फ्थॅलिन असतंच, ते फवारणीच्या बाटलीत भरून सांध्यावर बाहेरून मारायचं. कुठे झिरपत असेल तर गुलाबी. खुद्द टाकीतल्या पाण्यात हा रंग येऊन लगेच उडून जातो, तिथे अल्कली फार तीव्र, पण बाहेर झिरपून कार्बोनेट झालेल्या जागी तो टिकतो.

पन्हळीची पूर्ण दीड मीटर रेषा मारली. तेवीस बोल्ट, एकेक करून. रंग नाही. मामांनी बाटली हातातून घेतली आणि टाकीभोवती सगळीकडे मारत सुटले, धुळवडीसारखे. हीटरच्या फ्लॅन्जला रंग नाही. हूडच्या पट्टीखालीही नाही. खालच्या ड्रेन व्हॉल्व्हच्या ग्लँडवर, म्हणजे दांडीभोवतीच्या सीलवर, मात्र लख्ख गुलाबी.

"बघा, हितून गळायलंय," म्हणाले आणि पाना शोधायला गेले. ग्रॅफाइटची दोरी स्टोअरमध्ये आहे का ते मी बघतोय.